मिनिटाला चव्वेचाळीस

१५ एप्रिल, मंगळवार

त्या दिवशीही मी आधी पाणीच भरलं होतं. साडेपाचला नळ आले. पितळेचे दोन गुंड, ड्रम, मग मोरीतली टाकी. अंगण झाडलं. चहा ठेवला आणि शाळेच्या खिचडीचे तांदूळ निवडायला बसले — शाळेचा स्वयंपाक तेव्हाही माझ्याकडेच होता. हे बादली घेऊन कडुनिंबाच्या झाडाला पाणी घालायला गेले. "कांता, जरा दम खातो," म्हणाले आणि झाडाच्या ओट्यावर टेकले. मी चहा गाळला. दोन कप भरले. हाक मारली. हे उठले नाहीत. निवडायचे तांदूळ सुपात तसेच राहिले.

चार वर्षं झाली.

हे जाण्याआधी वर्षभर डॉक्टर सांगत होते — हृदय मोठं झालंय, पंप ढिला पडलाय, कारण सापडत नाही. मी त्यातला एकच शब्द घरी घेऊन आले. मोठं.

हे सगळं आज वर आलं ते कालच्या रक्तदानामुळे. जयंतीला विहारात शिबिर असतं. उर्वशी बावीस वर्षांची झाली, पहिल्यांदाच रक्त द्यायला बसली. तिथल्या बाईंनी नाडी धरली, घड्याळ पाहिलं. पुन्हा धरली. मिनिटाला चव्वेचाळीस. "तुझं रक्त आज घेता येणार नाही. एकदा हृदय तपासून घे."

उर्वशी हसत बाहेर आली. "आई, मी नापास."

मी हसले नाही. तिला नंतर कळलं मी का हसले नाही.

१७ एप्रिल

दोन दिवस नाड्याच मोजतेय. माझी अठ्ठ्याहत्तर. शेजारच्या आयशाबीची चौऱ्याऐंशी. ती म्हणाली, "मोजू नको वो कांता, मोजली का वाढते." उर्वशीची, झोपेत असताना — बेचाळीस. एक ठोका पडतो. मग इतकी जागा राहते की माझाच जीव वर येतो. मग दुसरा पडतो.

भाऊजींना, ह्यांच्या थोरल्या भावाला, कळलंच. त्यांचा मुलगा संघदीप शिबिरात नावं लिहीत होता. सकाळीच बोरगावहून फोन. "शनवारी यवतमाळले जाऊ. मी येतो संगं. धर्मपालच्या टायमाले उशीर झाला, आता नाही करायचा."

हे गेले तेव्हा पाठीशी उभे राहिले ते भाऊजीच. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "उर्वशी माही पोरगी आहे." आणि ते तसेच वागले. म्हणूनच त्यांच्यापासून लपवायचं जड जातं.

लपवायचं काय ते इथे लिहायला हरकत नाही. ही वही कोण वाचतं. उर्वशी पळते. हे गेले त्याच्या पुढच्या महिन्यात सुरू केलं. "घरात बसलं का छातीत दाटते, आई," म्हणाली. आधी टाकीपर्यंत, मग जिनिंगपर्यंत, आता बोरगाव फाट्यापर्यंत. सात किलोमीटर जायचं, फाट्यावरच्या दगडाला हात लावायचा, सात परत. रविवारी त्याहून जास्त. पहाटे चारला निघते, लोक दारात यायच्या आत घरी. फाट्याच्या आत भाऊजींचं गाव आहे, म्हणून फाट्याच्या पुढे पाऊल टाकत नाही.

दोन वर्षांपूर्वी वनरक्षकाच्या भरतीचा फॉर्म आणला होता तिनं. भाऊजी म्हणाले, "जंगलातली नोकरी पोरीच्या जातीले नाही होत." विषय संपला. म्हणजे त्यांच्यापुरता संपला. स्थळं यायला लागली. येणाऱ्या बाया विचारायच्या, पोरगी काय करते? मी म्हणायची, घरीच असते. बी.ए. झालं, घरीच असते. स्वयंपाक येतो. इतक्यांदा म्हटलं की चहासोबत ते आपोआप तोंडातून निघतं.

या वर्षी तिनं पुन्हा फॉर्म भरला. लेखी पास झाली. पाच मेला धावणं आहे. तीन किलोमीटर. डॉक्टरचा दाखला न्यावा लागतो.

आज पळून आली तर म्हणाली, "फाट्यावरचे कुत्रे अंगावर येतच नाहीत आता. आधी किती भुंकायचे." मी म्हटलं, सवय झाली असेल तुझी.

१९ एप्रिल, शनिवार

यवतमाळ. घरी यायला सहा वाजले. अंग आंबलंय, तरी आजच लिहून टाकते.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. भाऊजी प्रत्येक वळणावर थांबून भिंतीवरच्या पाट्या वाचत होते. उर्वशी तीन पायऱ्या एकदम चढून वर जाऊन उभी. मशीनवर रुबीना नावाची मुलगी होती, आमच्या दारव्ह्याचीच निघाली. उर्वशीला पालथं — नाही, डाव्या कुशीवर झोपवलं आणि छातीवरून मशीनचं ते टोक फिरवलं. मला आत बसू दिलं. पडद्यावर करड्या रंगात काहीतरी उघडत होतं, मिटत होतं. घाई नाही. एखादी बाई निवांत कणीक मळते तसं.

मग डॉक्टर. तरुण आहेत. कागद दोनदा पाहिला. डावा कप्पा जरा मोठा आहे म्हणाले. चोपन्न मिलिमीटर. बायकांचा साधारण बावन्नपर्यंत असतो. वडिलांचं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मुलगी काय करते?"

"घरीच असते जी."

"खेळ, व्यायाम? पळणं, पोहणं, काही?"

भाऊजी माझ्या उजव्या हाताला, उर्वशी डाव्या. मी म्हटलं, "नाही जी. घरीच असते. बी.ए. झालं."

उर्वशीनं माझ्याकडे पाहिलं. मग भाऊजींकडे. मग तिच्या चपलांकडे. भाऊजी खिडकीबाहेर पाहत होते.

डॉक्टर म्हणाले, मग हे लक्षात घ्यावं लागेल. घरात बसणाऱ्या मुलीचं हृदय असं मोठं आणि वडिलांना तोच आजार. धावपळ करायची नाही, जड उचलायचं नाही, दोन महिन्यांनी पुन्हा पाहू. तेव्हा काय ते ठरवू.

दोन महिन्यांनी. धावणं पाच मेला.

जीपमध्ये भाऊजी म्हणाले, "पुसदचं स्थळ चांगलं आहे. पोरगं मास्तर आहे. पोरीले आराम भेटन." उर्वशी खिडकीतून बाहेर पाहत होती. भाऊजींनी चपलेचा पट्टा सैल केला होता. उन्हानं पाय सुजतात म्हणाले.

२० एप्रिल

आज पळायला गेली नाही. चारला उठली मात्र. अंधारात पलंगावर बसून राहिली.

२२ एप्रिल

ह्यांची फाईल काढली. पेटीच्या तळाशी, ह्यांच्या डाकेच्या खाकी सदऱ्याखाली ठेवली होती. चार वर्षांत उघडली नव्हती.

कागद शेजारी शेजारी ठेवले. ह्यांचा आकडा अडुसष्ट. उर्वशीचा चोपन्न. आणखी एक आकडा आहे, टक्क्यांत. ह्यांचा वीस. तिचा अठ्ठावन्न. तो कसला ते कळेना. मोठं असेल तर वाईट, हे मला माहीत होतं. मग टक्के मोठे असले तर काय?

मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर वाचत वाचत शिकले. अर्ध्या बातम्या, फाटलेल्या गोष्टी. शेवट नसायचा, तो मनानं लावायची. पण हे असं नाही, याचा शेवट मनानं लावता येत नाही. उद्या वाचनालयात जाते.

२३ एप्रिल

वाचनालयात शरीराबद्दलचं जाड पुस्तक मिळालं. घरी न्यायचं नाही म्हणाले, तिथंच बसा. शाळा सुटल्यावर बारा ते चार बसले. पंखा माझ्याच डोक्यावर दिला त्यांनी.

जे कळलं ते लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

टक्के म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं किती रक्त बाहेर ढकललं. सगळं कधीच जात नाही, कोणाचंच नाही. अर्ध्याहून थोडं जास्त गेलं की झालं. पंचावन्न, साठ, पासष्ट, कोणाचं सत्तर. सगळे धडधाकट. ह्यांचं वीस होतं. म्हणजे ह्यांच्या हृदयात रक्त यायचं आणि तिथंच बसून राहायचं. आल्या पत्राला वाटच मिळू नये तसं. आणि मी म्हणायची, जरा झाडाला पाणी घाला, बसून काय राहता.

हे वाचून थोडा वेळ पुस्तक बंद केलं.

मग पुढे. साऱ्यांचं हृदय सारखं नसतं. पुरुषाचं मोठं, बाईचं त्याहून लहान. उंच माणसाचं मोठं, बुटक्याचं लहान. बाई पोटुशी असली की तिचं वाढतं, बाळंतपणानंतर पुन्हा उतरतं. माझं दोनदा वाढलं असेल, एकदा उर्वशीच्या वेळी आणि एकदा तिच्या आधीच्याच्या वेळी, जो राहिला नाही. कोणी सांगितलं नाही. वय झालं की भिंती जरा ताठ होतात, रक्त भरायला वेळ लागतो, तोही आजार नाही, वयच ते. पुस्तकात एक आकडा कुठेच नाही. सगळीकडे इथपासून तिथपर्यंत.

मला कासारणीची आठवण झाली. ती हात धरते, दाबते, म्हणते, माप दोन-चार. दुसरीला दोन-सहा. तिसरीला दोन-आठ. दोन-आठवाली आजारी असते का? तिचा हात तेवढा आहे. पण दोन-चारवालीच्या हातात दोन-आठच्या बांगड्या दिसल्या तर माणूस विचारील, की बाई, इतकी रोडावलीस कशानं?

म्हणजे आधी हात कोणाचा ते माहीत पाहिजे.

उर्वशी पाच फूट आठ. बापावर गेली.

२५ एप्रिल

जाऊबाईंचा फोन. नंदाबाई माझ्यापेक्षा मोठ्या, तरी दर गोष्ट मला विचारतात. पुसदचे लोक रविवारी, चार तारखेला येणार आहेत. "पोरीले सांग साडी नेसाले." मग इकडचं तिकडचं. उकाड्यानं भाऊजींना झोप नाही, दोन-दोन उशा लावून बसूनच रात्र काढतात. आणि पहाटे उठून कुठं फिरायला जातात ते सांगत नाहीत. "या वयात कोणती भानगड केली का काय बुढ्यानं," म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मीही हसले. किती दिवसांनी.

२७ एप्रिल, रविवार

अर्धा किलो मटण आणायला अब्रारकडे गेले. आयशाबीचा भाचा आहे तो, मला मावशी म्हणतो. त्याच्याकडे दोन काळजं टांगलेली दिसली. काळीज म्हणजे कलेजी नव्हे, खरं हृदय. एक लहान, एक चांगलं मोठं.

विचारलं, "हे मोठं कायचं रे? आजारी होतं काय बकरं?"

"आजारी?" सुरा पुसत म्हणाला. "मावशी, आजारी माल अब्रारच्या दुकानात भेटन काय तुले? हे लहान आहे ना, ते खुट्याले बांधलेलं, घरी खाऊन बसलेलं. आन हे मोठं टेकडीवरचं. सालभर चढ-उतर केला त्यानं. दाबून पाह्य. कसं घट्ट आहे."

मी दाबून पाहिलं. रबरासारखं. घट्ट.

"खराब असते ते ढिलं असते मावशी. फुगलेल्या थैलीवानी. हातात घेतलं का कळते." मग म्हणाला, "कायले विचारून राह्यली? पावभर देऊ का दिल?"

घरी येताना पिशवी हातात आणि डोक्यात एकच. बांधलेलं का टेकडीवरचं.

डॉक्टरांनी हेच तर विचारलं होतं मला. मुलगी काय करते. त्यांना आकडा पुरला नाही, म्हणून विचारलं. तेही कासारणीसारखे हातच विचारत होते. आणि मी त्यांच्यासमोर पाहुण्या बायांना देते ते उत्तर ठेवलं. माझ्या टेकडीवरच्या पोरीला मी खुंट्याला बांधलं आणि तसाच कागद लिहून घेतला.

मटण करपलं आज.

२८ एप्रिल

उर्वशीला सांगितलं. ती भांडी घासत होती.

"चूक माही आहे," म्हटलं. "मी डॉक्टरले खोटं सांगतलं."

तिनं हात थांबवले नाहीत. "मले माहीत आहे."

"मग तू काहून नाही बोलली?"

"मोठे बाबा बसले होते ना. मी पळते म्हणलं असतं तर पयले तुले विचारलं असतं त्यांनी, चार वर्षं लपवलं कायले म्हणून. तुही मान खाली गेली असती. त्यांच्यासमोर."

पोरगी माझी मान सांभाळत होती आणि मी तिचं स्थळ. दोघींनी मिळून तिचं धावणं मोडलं होतं.

मी म्हटलं, "दाखला नाही भेटला तरी चालन तुले?"

तेव्हा रडली. ताट हातातच धरून. "आई, मी पळत असतो तेव्हाच फक्त मले बाबा आठवत नाहीत. नाही, आठवतात. पण ते बसलेले नसतात."

ती पळण्याचं बोलताना पोरांसारखं 'असतो' म्हणते, भरतीच्या साऱ्या पोरींची ती बोली आहे. मी नेहमी टोकते. आज टोकलं नाही.

परवा आम्ही दोघीच यवतमाळला जाणार.

३० एप्रिल

गेलो. खोलीत बसल्या बसल्या सांगितलं. "डॉक्टरसाहेब, मागच्या वेळी तुम्ही विचारलं पोरगी काय करते. मी खोटं सांगितलं. ती रोज चौदा किलोमीटर पळते. चार वर्षं झाली."

डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली. "रोज?"

"रविवारी वीस," उर्वशी म्हणाली.

"मावशी, मी दोनदा विचारलं होतं."

"हो जी. दोनदा खोटं बोलले."

"का पण?"

"सवयीनं."

ते रागावले. रागवायलाच पाहिजे होतं. म्हणाले, या एका वाक्यावर आख्खा कागद फिरतो. पण राग फार टिकला नाही, कारण ते तिची नाडी धरून बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच आलं. कौतुकच म्हणावं.

तरी लगेच हो म्हणाले नाहीत. ते मला आवडलं. वडिलांचा आजार आहे, तेव्हा पळवून पाहू. पट्ट्यावर पळवलं. पट्टा वेग घेतो, चढही घेतो. बाकीचे लोक सात-आठ मिनिटांत थांबवा म्हणतात, रुबीना सांगत होती. उर्वशी सोळा मिनिटं पळाली. मग तशीच झोपवून पुन्हा मशीन. रुबीनानं मला पडद्याजवळ बोलावलं. "काकी, पाहा. आता कसं पिळून काढून राह्यलं."

अठ्ठावन्नचं बाहत्तर झालं होतं.

डॉक्टरांनी समजावलं. आजारी हृदय मोठं असतं आणि काम वाढलं की हात टेकतं. हिचं काम वाढलं की जास्त जोरानं चालतं. भिंती साऱ्या बाजूंनी सारख्या, भरणंही चांगलं. एका ठोक्यात जास्त रक्त जातं, म्हणून ठोके कमी लागतात. हे पळणाऱ्याचं हृदय आहे. महिना-दोन महिने बसून राहिली तर थोडं लहानही होईल.

"बसून नाही राहत," उर्वशी म्हणाली.

दाखला दिला. दोन अटी घातल्या. दरवर्षी एकदा तपासणी. आणि छातीत दुखलं, चक्कर आली तर त्या क्षणी थांबायचं. मग म्हणाले, "वडिलांचं कारण सापडलं नव्हतं ना? त्यांच्या सख्ख्या भावाबहिणींनीही एकदा तपासणी करून घ्यावी." मी हो म्हटलं. दाखल्याची घडी करण्यात माझं अर्धं लक्ष.

खाली येऊन दोघींनी उसाचा रस घेतला. दोन-दोन ग्लास.

१ मे

भाऊजींना फोन केला. तीनदा नंबर लावला, दोनदा तोडला.

"भाऊजी, उर्वशी पळते. चार वर्षं झाली. मीच लपवलं. डॉक्टरनं हृदय चांगलं आहे म्हणून सांगितलं, दाखला दिला. सोमवारी धावणं आहे, जाऊ देणार आहे मी तिले. रविवारच्या पाहुण्यांचं तुम्ही ठरवा."

तिकडून फक्त श्वास ऐकू येत होता. मग "बरं," म्हणाले. फोन ठेवला.

नुसतं 'बरं' म्हणून थांबणारे भाऊजी मला माहीत नाहीत.

३ मे

फोन नाही. जाऊबाईंचाही नाही. उर्वशी पहाटे फाट्यापर्यंत सावकाश पळून आली. म्हणाली कुत्रे आज भुंकले.

४ मे

पुसदचे लोक आले नाहीत. मी उगाच पोहे भिजवून ठेवले होते. आम्हीच खाल्ले.

५ मे, सोमवार

पहाटेच निघालो, साडेसहाला मैदानावर. पोरीच पोरी. वेण्या घट्ट बांधलेल्या, छातीवर नंबर. आया कुंपणाबाहेर. एक बाई दिपाली, दिपाली ओरडून घसा बसवून घेत होती. मी ओरडले नाही. तांदूळ निवडताना बसते तशी बसले.

शिट्टी वाजली. साडेसात फेऱ्या. पहिल्या दोनमध्ये उर्वशी मागेच. मला तिची नाडी माझ्या मनगटात लागत होती. चौथ्या फेरीला बाकीच्यांची तोंडं उघडली, हिचं मिटलेलं. सहाव्या फेरीत तिनं पाय मोकळे सोडले. तेव्हा मला ह्यांची सायकल दिसली. तरुणपणी डाकेची पिशवी लावून नेरच्या चढावर जायचे, बसायचे नाहीत सीटवर, उभ्यानंच. तशीच मान पुढे.

दुसरी आली. पहिलीपेक्षा चार पावलं मागे.

पाण्याची बाटली घेऊन उठले तर मागं कडुनिंबाखाली भाऊजी. ओट्यावर बसलेले. पांढरा सदरा, हातात काठी.

"तुम्ही कधी आले?"

"पयल्या गाडीनं." मैदानाकडेच पाहत होते. "शेवटी सोडते वो ही. फाट्यावरही तसंच करते. दगड दिसला का सोडते."

मला काही कळेना. म्हटलं, "तुम्ही पाह्यलं तिले?"

"दिवाळीपासून पाहून राह्यलो. झोप नाही येत, मंग फाट्यावर येऊन बसतो निवाऱ्यात. अंधारात तिले दिसत नाही मी. कुत्रे अंगावर जात होते तिच्या, म्हणून शिळी भाकर आनतो. तुकडे टाकले का माह्यापाशी बसते गुपचूप. चार दिस झाले, नाही जमलं फाट्यावर याले."

"मंग बोलले काहून नाही?"

"मले वाटलं तुम्हाले माहीत नाही. म्हणलं, पोरगी मायपासून लपवून पळते, आपण कायले सांगाव." जरा थांबले. "आन भेव वाटे. धर्मपालवानी झालं तर. तिले थांब म्हणाची हिंमत नाही झाली. म्हणलं लगन झालं का आपोआप थांबन. म्हणून पुसद पाह्यलं."

डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो होतो. तिघांनाही माहीत होतं. तिघंही गप्प.

"अन ते पुसदवाले?"

"सांगतलं त्याईले. आमची पोरगी घरी नसते म्हणलं."

उर्वशी आली. घामानं भिजलेली. भाऊजींना पाहून जागच्या जागी थांबली. त्यांनी काठीनं तिच्या बुटांकडे दाखवलं. "टाच झिजली तुही. डाव्या पायाची." बस, एवढंच. ती त्यांच्या पायाशीच मातीत बसली आणि हसायला लागली, मग थांबेचना. तेही हसले. हसता हसता त्यांना दम लागला. खूप वेळ लागून राहिला.

सोळा किलोमीटर चालायची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. ती चालेलच.

घरी आल्यापासून मन भरलेलं आहे. ह्यांच्या फोटोपुढे दाखला ठेवला. पण लिहायला बसले आणि हात थांबला. मघाशी मी विचारलं होतं, "फाट्यावरच काहून बसता भाऊजी, सडकेवर फिरायचं ना." ते म्हणाले, "तिथवरच पुरतो. जरा दम खातो, मंग वापस जातो."

जरा दम खातो.

दवाखान्याच्या जिन्यातल्या पाट्या. चपलेचा सैल पट्टा. दोन उशा. आणि डॉक्टरांनी भावाबहिणींचं म्हटलेलं, जे मी दाखल्याच्या घडीत घालून टाकलं.

६ मे

आज पाणी भरलं नाही. पहिल्या गाडीनं बोरगाव फाट्यावर उतरले. भाऊजी निवाऱ्यात होतेच, कुत्र्यांसोबत. त्यांना घेऊन यवतमाळला गेले. दुसऱ्या मजल्यावर दर वळणाला दोघंही थांबलो. डॉक्टरांनी विचारलं, हे काय करतात, काही त्रास? भाऊजी म्हणाले, "काही नाही जी, घरीच असतो." मी त्यांना थांबवलं आणि दिवाळीपासूनचं सगळं सांगितलं.